तीन नंबरची कॉइल

गाडीचा एक सिलिंडर पेट घेईनासा झाला की ते कानाला कळायच्या आधी बसल्या जागी कळतं. सिग्नलला गाडी उभी असते, इंजिन संथ चालू असतं आणि मध्येच सीट एकदा अंग शहारावं तशी हलते. मग पुन्हा सगळं ठीक. मेकॅनिक लोक याला ‘मिसिंग’ म्हणतात. श्रावण सरता सरता आमची गाडी मिसिंग मारायला लागली. कोठी भागातल्या चौकात, मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असताना ती भर रस्त्यात बंद पडली, तेव्हा मी ठरवलं की आता हिचं पोट उघडून बघायचं.

गाडी माझ्या बाबांची. उमाजी त्यांचं नाव. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली आणि निवृत्तीच्या तोंडावर ही चंदेरी रंगाची पेट्रोल गाडी घेतली. तेव्हा घरात आम्ही चौघं होतो: बाबा, आई, मी आणि माझी लहानगी तन्वी. तन्वीचा बाप अमेय पुण्याला असतो आणि तिथेच बरा आहे. “माणसं चार, सिलिंडर चार, हिशेब बरोबर,” असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गाडी राहिली.

मी एका औषधांच्या कारखान्यात मापयंत्रं तपासते. यंत्र खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. सर्रास बोलतं, म्हणून तर मला पगार मिळतो. गॅरेजमध्ये बाईमाणसाला समजावताना आवाज चढवून बोलायची जी पद्धत आहे, तिचा मला भयंकर राग येतो. त्यामुळे जमेल तेवढं काम मी घरीच करते. बाबांनीच शिकवलं होतं.

आईचं दुखणंही त्याच सुमारास सुरू झालं. तिचा ठोका चुकायचा. बोलता बोलता थांबायची, छातीवर हात ठेवायची, मग पुढचं वाक्य. कोठीच्या डॉक्टर बाईंनी दिवसभर छातीला लावून ठेवायचं यंत्र दिलं, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली आणि म्हणाल्या, असंच वाढत गेलं तर पेसमेकर बसवावा लागेल. बाबांनाही शेवटी हेच झालं होतं. ते गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून असायचे आणि बोटातली अंगठी खुर्चीच्या दांड्यावर वाजवायचे, आपल्या नाडीबरोबर. ठोका चुकला की अंगठीही थांबायची. त्या थांबण्याची आम्हाला सगळ्यांना धास्ती बसली होती.

गाडी आणि आई यांचा संबंध मी तेव्हा लावला नव्हता. लावायचं काही कारणही नव्हतं.

रविवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. गौलीगुड्यातलं आमचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. खाली गाडीपुरती फरशी, वर आम्ही. कंडक्टरांच्या आरोळ्या आणि डिझेलचा वास दिवसभर असतो. आईने गॅलरीतून वाकून पाहिलं.

“योगिनी, काय करायलीस? पितृपक्ष लागलाय. पंधरवड्यात नवं काही बसवू नक्को.”

“प्लग मागच्या महिन्यात आणलेत, आई. ते आता जुनेच झाले.”

“तुझ्याशी कुणी बोलावं,” ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या गाडीत इंजिनवर प्लास्टिकचं झाकण नाही. बॉनेट उघडलं की चार काळ्या कॉइली ओळीने दिसतात, प्रत्येक प्लगवर एक. बॅटरीची वीज त्या वाढवतात, तेव्हा कुठे प्लगला ठिणगी पडते. पट्ट्याच्या बाजूची कॉइल एक नंबर, बॅटरीच्या बाजूची चार. प्रत्येकीच्या पायाशी, इंजिनच्या धातूवर, कुंकवाचा एकेक डाग होता. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात, तशी आई दर वर्षी गाडी पुजायची. हळदीकुंकवाचं बोट नुसतं बॉनेटला लावून तिचं भागायचं नाही. ती बॉनेट उघडायला लावायची. वर्षानुवर्षांचं कुंकू इंजिनच्या उष्णतेने भाजून तपकिरी झालं होतं. फक्त चार नंबरच्या पायाशी डाग नव्हता. तिथली कॉइलही इतर तिघींपेक्षा नवी होती. बाबा गेले त्या आठवड्यात गॅरेजवाल्याने ती बदलली होती आणि जागा घासूनपुसून लख्ख केली होती.

तन्वीने मागवलेला छोटा स्कॅनर जोडला. तो म्हणाला, तीन नंबर. माझा कुठल्याही यंत्रावर एकदम विश्वास बसत नाही, म्हणून जुनी परीक्षाही केली. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका कॉइलचा कनेक्टर क्षणभर काढायचा. कॉइल चांगली असेल तर इंजिन अडखळतं. मेलेली असेल तर काहीच फरक पडत नाही.

रबरी हातमोजे घालून मी एक नंबरचा कनेक्टर काढला. इंजिन थरथरलं. वर काहीतरी स्टीलचं फरशीवर पडलं आणि गरगरत गेलं. “सॉरी, आजी,” तन्वीचा आवाज आला, “हातातून सुटलं.” मी कनेक्टर बसवला. दोन नंबरचा काढला तेव्हा इंजिन पुन्हा थरथरलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मडगार्डला धरून उभी राहिले. पेट्रोलचा वास नाकात गेला असणार, चहाशिवाय काही पोटात नव्हतं. तीनचा काढला, काही फरक नाही. चारचा काढला, इंजिन थरथरलं, बस्स.

स्कॅनर खरं बोलत होता. मी इंजिन बंद केलं.

प्लग बदलायचे म्हणजे आधी कॉइली उपसायच्या. दहाच्या पान्याने प्रत्येकीचा बोल्ट काढला, थोडं पिळून एकेक वर ओढली आणि चारी फडक्यावर ठेवल्या. पायपंपाने खाचांमधली धूळ उडवली. लांब दांड्याच्या पान्याने जुने प्लग काढले. तीन नंबरचा ओला, काळा निघाला. मी नव्या प्लगांच्या फटी मोजायला पायरीवर बसले.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. पायरीवर बसले होते, हातात प्लग होता. मग ऊन गाडीच्या पलीकडे गेलेलं होतं आणि चहावर साय धरली होती. मला झोप लागली नव्हती, झोपेतून उठल्यावर जे जडपण असतं ते नव्हतं. मधला वेळ नुसता नव्हता. मी वर जाऊन पाहिलं. आई स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, हातात अर्धी निवडलेली गवार, मान खाली. तन्वी फोन हातात धरून सोफ्यावर, फोनचा पडदा काळा. दोघीही निश्चल. मी हाका मारल्या, हलवलं. त्या उठेनात, पण श्वास संथ चालू होता. रविवार आहे, उकडतंय, लागला असेल डोळा. असं मी स्वतःला सांगितलं आणि भराभर खाली येऊन काम संपवायला घेतलं. का कोण जाणे, फार घाई करावीशी वाटत होती.

प्लग आधी हाताने फिरवून बसवले, मग पान्याने आवळले. कॉइली परत लावताना मी एक अदलाबदल केली. तीनची कॉइल एकच्या जागी, एकची तीनच्या जागी. मिसिंग जर कॉइलबरोबर एक नंबरला गेलं, तर दोष कॉइलचा. नाही गेलं तर दुसरीकडे शोधायचं. सगळे मेकॅनिक असंच करतात. शेवटचा बोल्ट आवळला आणि वरून आईचा आवाज आला, “तन्वी, उठ गं, किती लोळतीस?”

गाडी चालू केली. स्कॅनर म्हणाला, एक नंबर. दोष कॉइलचाच. मला फार बरं वाटलं.

पुतळीबावडीच्या कोपऱ्यावर स्पेअर पार्टची दुकानं आहेत. दुकानदाराने मी नेलेला फोटो बघून मान हलवली. “पुराना माडल है, मॅडम. राणीगंज से मंगाना पडता. मिल जाएगा, फिकर नक्को करो.” मी सांगितलं, मागवा.

त्या संध्याकाळी आई जिना न थांबता चढून आली. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी थापल्या, अळूवडी केली, शेजारणीशी तासभर गप्पा मारल्या. छातीवर हात गेला नाही. “औषध लागू पडलं,” ती म्हणाली. मी इतकी खूश झाले की तिच्यासाठी आबिड्सहून तिच्या आवडीची बिस्किटं घेऊन आले.

तन्वी मात्र गळून गेल्यासारखी वागत होती. कॉलेजातून आली की पडून राहायची. विचारलं तर, “लाइट घे ना, मम्मा. सबमिशन चालू आहेत.” आठवडा संपायच्या आत तिच्या मैत्रिणीचा, ईशाचा फोन आला. तन्वी सुलतान बाजारच्या मेट्रोच्या जिन्यात चक्कर येऊन पडली होती.

डॉक्टर बाईंनी पट्टी काढली. खूप वेळ पाहिली. मग आईची जुनी पट्टी मागवून दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“घराण्यात असू शकतं,” त्या म्हणाल्या. “पण या वयात? आणि आजींपेक्षा हिचं जास्त आहे. मला हिला ॲडमिट करायचंय. सोमवारी नक्की या.”

“आणि आई?”

“त्यांची परवा पुन्हा काढली, ती तर अगदी नॉर्मल आहे.” त्या हसल्या नाहीत.

परत येताना कोठीच्या सिग्नलला मी तन्वीचा हात हातात घेतला. धीर द्यायला घेतला होता, पण बोट आपोआप नाडीवर गेलं. सीट शहारली. त्याच क्षणी बोटाखाली ठोका पडला नाही. मी वाट पाहिली. पुन्हा सीट शहारली, पुन्हा बोटाखाली काही नाही. सिग्नल सुटला तरी मी हात सोडला नाही. एका हाताने गाडी चालवत, दर सिग्नलला थांबत, मी घरापर्यंत तेच बघत आले. एकदाही चुकलं नाही. माझ्या कामात इतकी जुळणी दिसली की आम्ही म्हणतो, या दोन तारा कुठेतरी जोडलेल्या आहेत.

मला भीती वाटली.

तन्वीला निजवून मी आईजवळ गेले. ती उद्याच्या श्राद्धासाठी तीळ निवडत होती.

“आई, खंडेनवमीला इंजिनला कुंकू लावतेस, ते कसं लावतेस?”

“कसं म्हणजे? बोटानं.”

“चार ठिकाणी का?”

“चार माणसं म्हणून.” तिचा हात तिळांत थांबला. “बॅटरीकडून सुरू करायचं. आधी थोरलं माणूस. हे, मग मी, मग तू. शेवटी तन्वी.”

बॅटरीकडून. म्हणजे चार नंबर बाबा. तीन आई, दोन मी. एक तन्वी. त्या रविवारी चारी फडक्यावर असताना मी तेवढी कशी उठले, ते मला आजही सांगता येत नाही.

“यांची कॉइल बदलली ना गॅरेजमधी,” आई तिळांकडे बघत म्हणाली, “त्या दिवशी यांना घेऊन दवाखान्यात निघालो आपण. तू चालवत होतीस. आठवतं? गाडी किती गुळगुळीत चालली होती. यांनीच म्हटलं, बघ, कशी लोण्यासारखी चालली. अन् मग बोललेच नाहीत.”

मला आठवत होतं. चादरघाटच्या पुलावर अंगठीचा आवाज थांबला होता आणि पुन्हा सुरू झाला नव्हता.

“तू हे आधी का नाही बोललीस?”

“काय बोलणार? तू हसली असतीस.” ती खरं बोलत होती. मी हसलेच असते.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला आणि मी नवी कॉइल घेऊन आले. पितृपक्ष असून आई काही बोलली नाही. मी बॉनेट उघडलं. कोऱ्या खोक्यातली कॉइल हातात घेऊन एक नंबरपाशी उभी राहिले. जुनी काढायची, नवी बसवायची, मिसिंग संपलं. गाडी लोण्यासारखी चालेल.

मला ते करता आलं नाही. हा निव्वळ योगायोग आहे असं माझं शिक्षण सांगत होतं आणि मी ते मान्यही करत होते. पण पोरगी माझी होती.

जुनी परत आईच्या जागी लावायची? तेही हातून होईना. माझ्या, दोन नंबरच्या जागी लावायची? ते मी केलं असतं. खरंच केलं असतं. पाना उचललाही होता. मग नजर चार नंबरकडे गेली. घासून लख्ख केलेली जागा, कुंकवाचा डाग नसलेली. ती जागा बाबांची. तिथे आता कुणी नव्हतं. रिकाम्या खुर्चीवर ओझं ठेवलं तर कुणाला काय त्रास होणार होता?

तन्वी पायरीवर येऊन बसली होती. चेहरा पिठासारखा. “मम्मा, मी इथे बसू? वर गुदमरतंय.”

“बस,” मी म्हटलं. “माझ्याशी बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. कॉलेजचं सांग.”

आधी चारची कॉइल काढून फडक्यावर ठेवली. काही झालं नाही. मग एकचा बोल्ट सैल केला. तन्वी लॅबमधल्या कुठल्याशा सरांची नक्कल करत होती. मी कॉइल पिळली आणि वर ओढली.

तन्वीचं वाक्य तिथेच थांबलं.

मी वळून पाहिलं. तिची मान छातीवर आली होती. हात मांडीवर तसेच.

मी खराब कॉइल चारच्या खाचेत दाबली. कनेक्टर बसला. चांगली उचलली, एकच्या खाचेत घालायला गेले आणि बोटांतला बोल्ट निसटला. टण्णकन कुठेतरी खाली गेला.

शोधत बसायला वेळ नव्हता.

मी कॉइल तळव्याने दाबून धरली, दुसऱ्या हाताने कनेक्टर चाचपडला. बसेना. उलटा धरला होता. सुलटा केला. तरी बसेना.

“तन्वी,” मी म्हटलं. “तन्वी, बोल.”

कट्.

“…आणि सर म्हणाले, गेट आउट,” तन्वी म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. “मम्मा, तू रडतेस का?”

सोमवारी तन्वीची पट्टी स्वच्छ निघाली. डॉक्टर बाईंनी यंत्र बदलून पुन्हा काढली, तरी स्वच्छ. मी त्यांना काही सांगितलं नाही. निसटलेला बोल्ट खालच्या पत्र्यावर सापडला, तो मी लावून टाकला. गाडी आता चार नंबरला मिसिंग मारत होती. सिग्नलला सीट शहारायची आणि मी चक्क सुखाने बसून राहायचे. नवी कॉइल खोक्यासकट डॅशबोर्डच्या खणात होती. चार नंबरला बसवली की काम पुरं. तिथे तर कुणी नाही. पंधरवडा संपला की बसवू, असं मी आईला सांगितलं.

अमावास्या झाली. बाजारात बतुकम्माच्या, इथल्या तेलुगू बायकांच्या सणाच्या, फुलांचे ढीग आले, घरी घट बसले. आई दोन्ही वेळा गॅलरीत जायला लागली होती. कोमट पाण्याचा पेला घेऊन जायची, रिकामा घेऊन यायची. तुळशीला घालत असेल, असं मी धरून चालले. कोमट पाणी तुळशीला कुणी घालत नाही, हे मला ठाऊक होतं.

खंडेनवमीला सकाळी मी गाडी धुतली, बॉनेट उघडलं आणि पूजेआधी मिसिंगचा निकाल लावून टाकावा म्हणून खणातलं खोकं काढलं. इंजिन चालू होतं. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन खाली आली. ताट रेडिएटरवर ठेवून तिने माझ्या हातातलं खोकं काढून घेतलं.

“हे परत करून ये,” ती म्हणाली. “किंवा कुणाला देऊन टाक.”

मग तिने बॅटरीच्या बाजूने सुरुवात केली. चार नंबरच्या लख्ख जागेवर बोट टेकवलं. ओलं, लालभडक कुंकू. मग तीन, मग दोन, मग एक. अक्षता टाकल्या, पदर सावरला.

“आणि गाडी जरा हळू चालवत जा,” ती म्हणाली. “धाप लागते त्यांना.”

ताट उचलून ती जिना चढून गेली. इंजिन मध्येच एकदा शहारलं. मी आत हात घालून किल्ली फिरवली आणि ते बंद केलं.

सुट्टीचा दिवस होता, बसस्टँडवरही फारशी गर्दी नव्हती. तन्वी आत आंघोळीला गेली होती, आई स्वयंपाकघरात भांडी हलवत होती. वर गॅलरीत वेताच्या खुर्चीच्या दांड्यावर अंगठी वाजत होती, एका लयीत, आणि मध्येच एकदा थांबत होती.